नाला किती रुंद, किती खोल? स्वस्त नाल्याचे महागडे गणित

जुलैमधली उधाणाची दुपार. पारसिकच्या डोंगरावर तासभर पाऊस कोसळतो. डोंगराच्या उतारावरून निघालेले पाणी औद्योगिक पट्ट्यातल्या नाल्यांत उतरते, ठाणे-बेलापूर रस्त्याखालच्या मोऱ्यांतून पुढे सरकते, रेल्वेमार्ग ओलांडते आणि वाशी, कोपरखैरणे, नेरूळच्या वस्तीत शिरते. डोंगरापासून खाडीपर्यंतचे अंतर जेमतेम काही किलोमीटर. पण खाडीच्या तोंडाशी पोचल्यावर पाण्याला कळते, की समोर भरती आहे आणि दार बंद आहे. मग ते वळते. कुणाच्या तळमजल्यात, कुणाच्या दुकानात, रस्त्यावर उभ्या गाड्यांच्या चाकांपर्यंत.

दर पावसाळ्यात अशा वेळी एकच प्रश्न विचारला जातो : नालेसफाई झाली होती का? प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. त्याच्या आधीचा प्रश्न असा, की हा नाला मुळात कोणत्या हिशेबाने बांधला? तो इतकाच रुंद का, इतकाच खोल का, त्याला काँक्रीटचे अस्तर का, आणि या सगळ्यात पैसा कुठे वाचला व कुठे वाया गेला? उघड्या नाल्यातून कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त पाणी कसे न्यायचे, याचे शास्त्र सव्वादोनशे-अडीचशे वर्षांचे आहे. ते सुंदर आहे, सोपेही आहे. पण नवी मुंबईसारख्या खाडीकाठच्या शहरात त्याची खरी परीक्षा होते.

भराव वाचवला, तलाव बांधले

सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रात नवे शहर वसवायचे होते. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला ठाणे खाडी आणि दक्षिणेला पनवेलची खाडी. मधल्या पट्टीत भातशेती, मिठागरे आणि खाजणे. यातली बरीच जमीन मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली होती.

अशा जमिनीवर शहर बांधायचे तर सरळ उपाय म्हणजे भराव घालून जमीन उंच करणे. पण त्याचा हिशेब करून पाहा. एक चौरस किलोमीटर जमीन फक्त एक मीटर उंच करायला १० लाख घनमीटर माती-मुरूम लागतो. एका डंपरमध्ये १० घनमीटर माल मावतो असे धरले तर एक लाख फेऱ्या झाल्या. असे कित्येक चौरस किलोमीटर करायचे, तर डोंगरच्या डोंगर फोडावे लागले असते.

सिडकोने दुसरा मार्ग धरला. नेदरलँड्स या देशाचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीखाली आहे. तिथे शतकानुशतके बांध, कालवे आणि साठवण यांच्या मदतीने जमीन कोरडी ठेवतात. त्याच धर्तीवर नवी मुंबईत किनाऱ्याला बांध, नाल्यांच्या शेवटी मोठे धारण तलाव आणि तलावाच्या तोंडाशी एकाच दिशेने उघडणारी दारे, अशी रचना करण्यात आली. भरतीच्या वेळी खाडीच्या पाण्याचा दाब दार बाहेरून घट्ट लावतो. शहरातून आलेले पावसाचे पाणी तेवढा वेळ तलावात थांबते. ओहोटी लागली, की तलावातले पाणी आतून दार ढकलते आणि खाडीत जाते. ना वीज, ना पंप.

ही कल्पना कोकणाला अगदी परकी नव्हती. खारेपाटातल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या बांध घालून खाजण जमिनीत भात पिकवला. त्या बांधांमध्ये पावसाचे पाणी बाहेर सोडणारी आणि खारे पाणी आत येऊ न देणारी दारे असत. त्यांना ‘उघाडी’ म्हणतात. महाराष्ट्राच्या खारभूमी योजनांच्या कागदपत्रांत आजही हाच शब्द आहे. शेतात भात होता तेव्हा पाणी दोन-चार तास तुंबले तरी बिघडत नसे. आता तिथे तळमजले आहेत.

पाणी येणार किती?

नाल्याचा आकार ठरवण्याआधी त्यात किती पाणी येणार, हे ठरवावे लागते. त्यासाठी तीन गोष्टी हव्यात : पाणलोट क्षेत्र किती, पाऊस तासाला किती आणि त्यातले किती पाणी जमिनीत न मुरता वाहून येणार.

एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर तासाभरात ५० हजार घनमीटर पाणी होते. म्हणजे सेकंदाला जवळपास १४ घनमीटर. झाडी आणि मोकळी माती असेल, तर यातला बराच भाग मुरतो आणि थोपतो. साधारण ३० टक्के वाहून आला असे धरले, तर नाल्याला सेकंदाला चार घनमीटरच न्यायचे आहेत. पण त्याच जागी इमारती, डांबरी रस्ते, पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीटची आवारे झाली, की वाहून येणारा वाटा ९० टक्क्यांपर्यंत जातो. मग सेकंदाला साडेबारा घनमीटर. पाऊस तोच, पाणी तिप्पट.

पलीकडच्या मुंबईत हा धडा महागात शिकला गेला. तिथली जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी होती. १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ती क्षमता ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याची शिफारस केली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा या अहवालातली बरीच कामे व्हायची होती. त्यानंतर डॉ. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने २००६ मध्ये दिलेल्या अहवालात पाण्याच्या वाटा, त्यांचे पाणलोट आणि भरती यांचा एकत्र विचार करण्यावर भर होता.

कमी भिंत, जास्त पाणी

आता नाल्याचा आकार. समजा, नाल्याचा छेद आठ चौरस मीटरचा हवा आहे. तो दोन मीटर रुंद आणि चार मीटर खोल करता येईल, चार मीटर रुंद आणि दोन मीटर खोल करता येईल किंवा १६ मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोलही करता येईल. छेद तिन्हीकडे आठच. मग फरक काय पडतो?

फरक पडतो तो घर्षणात. वाहते पाणी तळाला आणि बाजूच्या भिंतींना घासत जाते. जेवढी जास्त कड पाण्याने भिजते, तेवढा वेग कमी होतो. चार बाय दोनच्या नाल्यात भिजणारी कड आठ मीटर आहे : चार मीटर तळ आणि दोन-दोन मीटरच्या भिंती. दोन बाय चारच्या नाल्यात ती १० मीटर होते. १६ मीटर रुंद उथळ नाल्यात ती १७ मीटर.

म्हणजे चार बाय दोनच्या नाल्यात दुहेरी फायदा आहे. भिंत कमी, म्हणून काँक्रीट कमी. आणि घर्षण कमी, म्हणून पाणी जास्त. गणित सांगते, की आयताकृती नाल्याची रुंदी खोलीच्या बरोबर दुप्पट ठेवली, की भिजणारी कड सर्वांत कमी होते. बाजू उतरत्या ठेवायच्या असतील, तर षटकोनाच्या खालच्या अर्ध्या भागासारखा आकार आणखी चांगला. त्यात आठ चौरस मीटरला कड ७.४४ मीटर येते. सर्वांत काटकसरीचा आकार अर्धवर्तुळाचा : ७.०९ मीटर. पण अर्धवर्तुळाचा मोठा नाला बांधायला साचे अवघड, सफाईला यंत्र उतरवणे त्याहून अवघड. कडेत होणारी ११ टक्के बचत मजुरीत निघून जाते. म्हणून लहान गटारांना अर्धगोल नळे दिसतात आणि मोठ्या नाल्यांना सरळ किंवा उतरत्या भिंती.

वेग मोजण्याची पहिली पद्धत १८व्या शतकात फ्रान्समध्ये सापडली. इव्हेत नदीचे पाणी पॅरिसला आणण्याच्या योजनेवर काम करताना अंत्वान शेझी या अभियंत्याने उतार आणि भिजणारी कड यांचा वेगाशी संबंध जोडला. आज जगभर वापरले जाते ते सूत्र मात्र आयर्लंडच्या रॉबर्ट मॅनिंग यांच्या नावाने ओळखले जाते. ते त्यांनी १८८९ मध्ये मांडले, तेव्हा त्यांचे वय सत्तरीच्या पुढे होते. मॅनिंग यांनी अभियांत्रिकीचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. सरकारी बांधकाम खात्यात त्यांची सुरुवात हिशेबाच्या कामापासून झाली होती.

मॅनिंग यांच्या सूत्रात तीनच गोष्टी वेग ठरवतात : उतार, छेदाचा आकार आणि पृष्ठभागाचा खरखरीतपणा. गुळगुळीत काँक्रीट, हजार मीटरला एक मीटर उतार आणि काठोकाठ भरलेला चार बाय दोनचा नाला घेतला, तर तो सेकंदाला सुमारे १७ घनमीटर पाणी नेतो. आठ मीटर रुंद आणि एक मीटर खोल नाला साडेचौदा नेतो. १६ मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल नाला जेमतेम १०. जमीन चौपट लागली आणि पाणी ४० टक्क्यांनी घटले.

आपल्याला एका चौरस किलोमीटरच्या पक्क्या वस्तीसाठी साडेबारा घनमीटर हवे होते. चार बाय दोनचा नाला १७ नेतो. वरच्या काठाला थोडी मोकळी उंची ठेवूनही तो पुरतो. कागदावर काम झाले.

कागद आणि जमीन

अडचण कागद संपल्यावर सुरू होते. पहिली अडचण उताराची. डोंगराच्या पायथ्याशी उतार जास्त असतो. शंभर मीटरला एक मीटर उतार मिळाला, तर त्याच नाल्यात भरून वाहणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला साडेसहा मीटरच्या पुढे जातो. म्हणजे ताशी २४ किलोमीटर. हा वेग माती उकरतो, दगड लोटतो आणि काँक्रीटचा तळही झिजवतो. अशा ठिकाणी नाल्याला पायऱ्या द्याव्या लागतात किंवा मुद्दाम खडबडीत दगडी पिचिंग ठेवावे लागते, म्हणजे पाण्याचा जोर वाटेतच कमी होतो. इथे गुळगुळीत काँक्रीट म्हणजे पैसे घालून विकत घेतलेला त्रास.

खाडीजवळ बरोबर उलटे. जमीन सपाट, उतार चार हजार मीटरला एक मीटर. उतार चौथाई झाला, की वेग निम्मा होतो. डोंगराकडे १७ घनमीटर नेणारा नाला इथे साडेआठच नेतो. मागून येणारे पाणी मात्र १७ च. सूत्र म्हणते, की नाला सगळ्या बाजूंनी ३० टक्के मोठा करा : ५.२ मीटर रुंद, २.६ मीटर खोल. पण खाली खणायचे किती? तळ ओहोटीच्या पातळीखाली गेला, तर तेवढ्या भागातले पाणी कधीच बाहेर पडणार नाही. तिथे डबके आणि गाळ. शिवाय खाडीकाठी खाली चिखलमाती असते. ती खणताना काठ ढासळतात, भिंतींना आधार द्यावा लागतो, खणतानाच पाणी उपसावे लागते. तिथे खोलीचा प्रत्येक मीटर आधीच्या मीटरपेक्षा महाग पडतो.

म्हणून खोली दोन मीटरवरच थांबवली, तर रुंदी चारवरून सातच्या आसपास न्यावी लागते. पुस्तकातला ‘रुंदी खोलीच्या दुप्पट’ हा नियम इथे मोडतो आणि तो मोडणेच शहाणपणाचे असते. कारण तो नियम फक्त काँक्रीट वाचवतो. जमिनीची किंमत, खणाई, पाणी उपसणे, सफाईसाठी काठाने यंत्र जायला लागणारी वाट, यांतले काहीही त्या नियमाला ठाऊक नाही. जागेचा भाव गगनाला भिडलेल्या शहरात मात्र ही वाढीव तीन मीटर रुंदी सगळ्यांनाच खुपते. नाल्याच्या काठावर पार्किंग येते, भिंत आत सरकते, स्लॅब टाकून वर जागा काढली जाते. झाकलेल्या नाल्यातला गाळ दिसत नाही, म्हणून काढलाही जात नाही. उघडा नाला कुरूप दिसतो, पण तो खरे सांगतो.

या शहरात पाण्याच्या वाटा नव्याने आखण्याचे काम अजून संपलेले नाही. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळासाठी उलवे नदीचा प्रवाह वळवून नव्या मार्गाने न्यावा लागला. नदीला नवी वाट आखून देताना हाच हिशेब करावा लागतो : उतार किती, छेद किती आणि भरतीच्या वेळी काय.

अर्ध्या मीटर गाळाची किंमत

दुसरी अडचण काळाची. नाला बांधला जातो एकदा, पाणी नेतो चाळीस-पन्नास वर्षे. पहिल्या दिवशीचा गुळगुळीतपणा त्याला कायम राहत नाही.

पारसिकच्या डोंगरात वर्षानुवर्षे दगडखाणी चालल्या, उतार कापून रस्ते आणि वस्त्या झाल्या. पहिल्या जोरदार पावसाबरोबर माती, खडी आणि भुगा खाली येतो. त्यात बांधकामांचा राडारोडा आणि प्लास्टिक मिसळते. डोंगराकडच्या वेगवान पाण्याने उचललेला हा माल सपाट भागात वेग मंदावताच खाली बसतो. पाण्याने बारीक गाळ पुढे वाहून न्यावा, तर त्याचा वेग साधारण सेकंदाला ६० सेंटिमीटरच्या वर राहायला हवा. खाडीच्या तोंडाशी, त्यातही भरतीच्या वेळी, तो शून्यावर येतो.

चार बाय दोनच्या नाल्यात अर्धा मीटर गाळ बसला असे समजू. डोळ्यांना वाटते, पाव नाला भरला, पाऊण शिल्लक आहे. पण पाण्याला मिळणारा छेद कमी होतो तेव्हा वेगही कमी होतो. क्षमता १७ वरून ११.४ घनमीटरवर येते. पाव भाग गाळाने तिसरा हिस्सा पाणी अडते. आपल्या वस्तीला साडेबारा हवे होते. म्हणजे काल पुरणारा नाला आज तुंबणार.

गाळ अजिबात नसेल, पण भिंतींवर झुडपे, तळाला खडी आणि वाटेत केबल, जलवाहिन्या व गाद्या-पोती अडकलेली असतील, तर खरखरीतपणा सहज दुप्पट होतो. मॅनिंगच्या सूत्रात याचा अर्थ सरळ आहे : क्षमता निम्मी. १७ चे साडेआठ. काँक्रीटच्या अस्तरावर खर्च केलेला पैसा कचऱ्याने परत घेतला.

इथे ‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थ बदलतो. बांधकामाच्या निविदेत सर्वांत कमी रकमेचा नाला सर्वांत स्वस्त दिसतो. पण ज्याच्या काठाने जेसीबी जाऊ शकत नाही, ज्यात उतरायला रॅम्प नाही, ज्याच्या वरच्या अंगाला गाळ अडवणारा खड्डा आणि कचरा अडवणारी जाळी नाही, असा नाला दरवर्षी माणसे उतरवून साफ करावा लागतो आणि तरी नीट होत नाही. डोंगराच्या पायथ्याशी गाळाला थांबायला एक मोठा खड्डा केला आणि तो दर पावसाळ्याआधी रिकामा केला, तर पुढच्या सगळ्या नाल्याचे काम हलके होते. एका जागेवरून गाळ काढणे हे दोन किलोमीटरभर पसरलेला गाळ खरवडण्यापेक्षा केव्हाही स्वस्त.

तलाव भरला की नाला आखूड होतो

तिसरी अडचण भरतीची. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. मोठ्या भरतीत खाडीचे पाणी काही तास शहराच्या नाल्यांपेक्षा उंच राहते. तेवढा वेळ दारे बंद. या वेळात पडलेला सगळा पाऊस धारण तलावाने पोटात घ्यायचा असतो.

समजा, १०० हेक्टर वस्तीवर भरतीच्या काळात १०० मिलिमीटर पाऊस पडला. बहुतेक जमीन पक्की असल्याने जवळजवळ सगळेच पाणी वाहून आले, तर ते होते एक लाख घनमीटर. १० हेक्टरचा तलाव एक मीटर भरेल एवढे. त्या तलावात अर्धा मीटर गाळ साठलेला असेल, तर त्यातले ५० हजार घनमीटर पाणी मावणार नाही. ते नाल्यातच थांबते, नाल्याची पातळी वाढते, आणि मग मागच्या सोसायटीतल्या गटारातून पाणी उलटे वर येते. रहिवाशांना वाटते नाला लहान आहे. प्रत्यक्षात नाला पुरेसा असतो, त्याचे पोट भरलेले असते. अशा वेळी नाला रुंद करण्यावर खर्च केला तरी पाणी ओसरत नाही.

नवी मुंबईच्या धारण तलावांत वर्षानुवर्षे गाळ साचला आणि त्या गाळावर खारफुटी उगवली. इथे प्रश्न गुंतागुंतीचा होतो. खारफुटी ही किनाऱ्याची ढाल आहे. ती लाटांचा जोर मोडते, माती धरून ठेवते, मासे-खेकड्यांच्या पिलांना आसरा देते. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ च्या अंतरिम आदेशाने आणि पुढे १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने राज्यातल्या खारफुटीला संरक्षण दिले. त्यामुळे तलावातला गाळ काढायचा, तर खारफुटीला हात लावण्यासाठी परवानग्या लागतात. एका बाजूला पूर टाळणारा तलाव, दुसऱ्या बाजूला पूर आणि धूप रोखणारी झाडे. दोन्ही निसर्गाच्या बाजूनेच उभे.

यातून निघणारा धडा पुढच्या कामांसाठी आहे. तलावातला गाळ दर दोन-तीन वर्षांनी थोडा थोडा काढत राहिले असते, तर खारफुटीला मुळे धरायला जागाच मिळाली नसती. देखभालीचा खर्च वाचवला, तो न्यायालयीन परवानग्या, पंप आणि पुराच्या नुकसानीच्या रूपाने परत आला. वीज नसतानाही चालणारी रचना पंपांवर अवलंबून राहू लागली, तर भर पावसात वीज गेल्यावर काय, हा प्रश्न उरतोच. दारांचेही तसेच. लोखंडी झडप खाऱ्या हवेत गंजते, तिच्या फटीत एखादे लाकूड अडकते. मग भरतीचे पाणी आत येते आणि पाऊस पडण्याआधीच तलाव अर्धा भरतो.

नाला आणि आरोग्य

नाल्याचा हिशेब फक्त पुरापुरता नाही. वर्षातले आठ महिने पाऊस नसतो. तेव्हा या नाल्यांतून थोडेसे सांडपाणी वाहत असते. चार मीटर रुंद सपाट तळावर सेकंदाला २० लिटर पाणी सोडले, तर ते जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर खोलीचा पापुद्रा होऊन पसरते. हजारला एक उतार असला तरी वेग सेकंदाला १९ सेंटिमीटरच्या आसपास. तळाला जरा उंचसखलपणा असला, की जागोजाग डबकी होतात. शहरात रात्री चावणारा क्युलेक्स डास अशाच साचलेल्या घाण पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. हत्तीरोगाचा प्रसार करणारा तोच. डेंग्यूचा एडिस मात्र बहुधा घरातल्या आणि गच्चीवरच्या स्वच्छ पाण्यात वाढतो. म्हणून नाला साफ झाला तरी पिंप, टायर आणि कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या कराव्याच लागतात.

या डबक्यांवर अभियांत्रिकीचा एक स्वस्त उपाय आहे. रुंद नाल्याच्या तळाच्या मध्यभागी ४० सेंटिमीटर रुंदीची लहान पन्हळ ठेवायची आणि दोन्ही बाजूंचा तळ तिच्याकडे किंचित उतरता करायचा. तेच २० लिटर पाणी या पन्हळीत १३ सेंटिमीटर खोलीने वाहते आणि वेग दुप्पट होतो : सेकंदाला ३९ सेंटिमीटर. उन्हाळ्यात पाणी वाहते राहते, बाकीचा तळ कोरडा. पावसाळ्यात पूर्ण छेद मोकळा. बांधतानाच ही पन्हळ ठेवली, तर फारसे पैसे लागत नाहीत. नंतर करायची तर तळ फोडावा लागतो.

नाला तुंबून रस्त्यावर आला, की दुसरा धोका लेप्टोस्पायरोसिसचा. उंदीर, गुरे, कुत्रे यांच्या मूत्रातून हे जिवाणू पाण्यात उतरतात आणि पायावरच्या साध्या जखमेतून शरीरात शिरतात. लक्षणे बहुधा ५ ते १४ दिवसांनी दिसतात : ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे. तोवर पाणी ओसरलेले असते आणि त्या पाण्यातून चाललो होतो, हे माणूस विसरलेला असतो. म्हणून ताप आला की डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. जखम असताना तुंबलेल्या पाण्यात उतरू नये, उतरावे लागलेच तर पाय साबणाने धुवावेत आणि प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात का, हे डॉक्टरांनाच विचारावे. मूत्रपिंड किंवा यकृतावर परिणाम होण्याआधी उपचार सुरू झाले, तर हा आजार सहसा बरा होतो. रबरी बूट न घालता नाल्यात उतरणाऱ्या सफाई कामगाराला हा धोका सर्वांत जास्त असतो. त्याला उतरावेच लागू नये, अशी रचना करणे हाही काटकसरीचाच भाग आहे. उपचारांचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च नाल्याच्या निविदेत कधी धरला जात नाही, पण तो कुणीतरी भरत असतो.

कशाकडे पाहायचे?

नाल्याचे गणित समजून घ्यायला अभियंता असण्याची गरज नाही. मे महिन्यात आपल्या भागातल्या नाल्यावरच्या पुलावर उभे राहून काही गोष्टी पाहता येतात. तळ दिसतो का, की गाळच तळ झाला आहे? मोरीची उंची बांधली तेवढीच शिल्लक आहे का? मोरीच्या तोंडात आडवी गेलेली जलवाहिनी किंवा केबलचा जुडगा आहे का? नाल्यातून काढलेला गाळ काठावरच ठेवला आहे का? तो पहिल्या पावसात परत आत जाणार. यंत्र उतरायला वाट आहे का? आणि नाला ज्या तलावात जातो, त्याचे दार ओहोटीला खरेच उघडते का? प्रभाग कार्यालयात ‘नालेसफाई झाली का’ असे विचारण्यापेक्षा ‘किती मीटर खोल गाळ निघाला आणि तो कुठे टाकला’ असे विचारले, तर उत्तर टाळणे अवघड जाते.

मॅनिंगचे सूत्र गुळगुळीत, मोकळ्या, योग्य उताराच्या नाल्याला भरपूर पाणी देते. पण ते सूत्र प्रत्येक पावसाळ्यात नव्याने मांडावे लागते. त्यात गाळाची जाडी वजा करावी लागते, खरखरीतपणा वाढवावा लागतो आणि खाडीची पातळी तपासावी लागते. खारेपाटातल्या शेतकऱ्याकडे सूत्र नव्हते. पण पावसाळ्यापूर्वी बांधाची डागडुजी आणि उघाडीची देखभाल केली नाही, तर भात जाणार, हे त्याला पक्के माहीत होते. डागडुजीचे श्रम त्याने पिकाच्याच हिशेबात धरलेले असत. त्याच जमिनीवर आता शहर उभे आहे, आणि नाल्याच्या किमतीत त्याची देखभाल पहिल्या दिवसापासून धरली, तरच तो नाला खऱ्या अर्थाने स्वस्त पडणार आहे.